दोन वावांच्या खाली

१

भर समुद्रात ठाव घेण्यात काही अर्थ नसतो. तरी या जहाजावर तो दिवसातून तीनदा घ्यायचा, असा थोरलीचा नियम होता. उन्हं पाण्यावर आली की एकदा, डोक्यावर आली की एकदा, आणि कलायला लागली की एकदा. थोरली म्हणजे जहाजाची कप्तान. ठाव घ्यायचं काम धाकटीचं. धाकटी म्हणजे थोरलीची मुलगी. पण जहाजावर पाय ठेवला की आईला आई म्हणायचं नाही, हाही एक नियमच. नियम पुष्कळ होते. कारणं विचारायची सोय नव्हती. थोरामोठ्यांचं हे एक बरं असतं. नियम ते आपल्या गळ्यात घालतात आणि कारणं स्वतःच्या खिशात ठेवतात.

त्या सकाळी धाकटी नेहमीसारखी कठडा ओलांडून बाहेरच्या फळीवर उतरली. जहाजाच्या कुशीला, पाण्याच्या अगदी वर, पाऊल मावेल एवढी ती फळी. छातीभोवती शिडाच्या कापडाचा रुंद पट्टा. त्याची दोन टोकं मागे कठड्याला अडकवलेली, म्हणजे पुढे झुकून दोन्ही हात मोकळे राहतात. हातात दोरी, दोरीच्या टोकाला शिशाचं वजन. वजनाच्या बुडाला वाटीएवढा खळगा, त्यात चरबी थापलेली. वजन तळाला टेकलं की तळाचं काहीतरी चरबीला चिकटून वर येतं. वाळू आली तर एक गोष्ट, चिखल आला तर दुसरी, शिंपल्यांचा चुरा आला तर तिसरी. जाणत्या माणसाला त्या चरबीवरून जहाज कुठे आहे ते कळतं.

दोरी चाळीस वावांची. दोन्ही हात फैलावले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. दोरीवर खुणा होत्या. दोन वावांवर चामड्याची दुहेरी शेपटी, तीनवर तिहेरी, पाचवर सुती चिंधी, सातवर लोकरीची, दहावर भोक पाडलेलं चामडं आणि पुढे गाठी. खुणा डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचायच्या.

धाकटीनं वजन झुलवलं, पुढे फेकलं, दोरी हातातून सुटू दिली. चाळीस वाव संपतील, तळ लागणार नाही, आपण "ठाव नाही" असं ओरडू आणि जाऊन चहा पिऊ, एवढंच तिच्या मनात होतं.

दोरी अडतीस वावांवर सैल पडली.

तिनं पुन्हा उचलून टेकवलं. टेकत होतं. नकाशावर या भागात तळाचा आकडाच लिहिलेला नव्हता, कोरं निळं पाणी होतं. "अडतीस वाव," तिनं हाक दिली, आणि वर सुकाणूपाशी उभ्या असलेल्या मामानं मान वळवली. तो थोरलीचा धाकटा भाऊ, जहाजाचा सुकाणूवाला. त्यानं सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं, फळीवर उतरला, तिच्या हातातून दोरी घेऊन स्वतः टाकली. चाळीस वाव संपले. वजन लोंबकळत राहिलं.

मामा म्हणाला, रात्री झोपत जा जरा, जागेपणी स्वप्नं पडायला लागलीत. दोघं खलाशी हसले. थोरली हसली नाही. लांबून बघत राहिली आणि आत निघून गेली.

मामाच्या हाती दोरी जाण्याआधीच धाकटीनं आपल्या फेकीच्या वेळची चरबी खळग्यातून अलगद सोडवून तळहातावर घेतली होती. सगळे गेल्यावर तिनं मूठ उघडली. वाळू नव्हती, चिखल नव्हता. चरबीवर विणीचा ठसा होता. उभा धागा, आडवा धागा. शिडाच्या कापडाचा.

शिंपी जाऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते.

२

शिंपी म्हणजे जहाजाची शिडं शिवणारा. सगळे त्याला चिडवायला शिंपी म्हणायचे, आणि तो रागवायचा नाही म्हणून ते नाव त्याला चिकटलं. दुपारी तो शिडांच्या खोलीत मांडी घालून बसे, तळहातावर चामड्याची पट्टी, तिच्यातल्या धातूच्या तुकड्यानं सुई कापडात ढकलायची. आधी खुप्, मग मेण लावलेला दोरा ओढला जाताना सर्र. खुप्, सर्र. धाकटी त्या आवाजावर कापडाच्या ढिगात कितीदा झोपली होती. तिचा छातीचा पट्टा त्यानंच शिवला होता. त्याची शिवण ओळखू यायची. सात तिरके टाके आणि आठवा दुहेरी. का, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, सात टाके जहाजाचे, आठवा माझा.

ठाव घेणारीनं कुणात जीव गुंतवायचा नाही, हा सगळ्यात जुना नियम. तिचा शब्द म्हणजे जहाजाचे डोळे. तो कुणासाठी डळमळता कामा नये. थोरलीनं दोघांना एकदा पाहिलं होतं. ओरडली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून शिडांच्या खोलीला कुलूप लागलं आणि शिंपी उघड्यावर, सगळ्यांसमोर, उन्हात शिवायला बसू लागला.

मग ते खडकांचं पाणी आलं, आणि धुकं. अशा वेळी लहान होडी पुढे पाठवतात. होडीतला माणूस ठाव घेत पुढे जातो, आकडा ओरडून सांगतो, मागून जहाज सरकतं. होडी आणि जहाज यांच्यामध्ये एक लांब दोर. त्या दिवशी होडीत शिंप्याला बसवलं. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, धाकटी उभी होती, कारण हाका ऐकायचं कामही ठाव घेणारीचंच. धुक्यात चार हातांवरचं दिसत नव्हतं. मागून तीनदा विचारलं गेलं, हाक येतेय का. तिन्ही वेळा तिनं सांगितलं, नाही. त्यानंतर थोड्या वेळानं दोर ओढून घेतला. त्याच्या टोकाला काही नव्हतं.

खडकावर घासून तुटला, असं मामानं सगळ्यांना सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी धाकटीनं कोठारात जाऊन तो दोर पाहिला, तर त्याच्या टोकाला मेणाचा दोरा घट्ट गुंडाळून ते बंद केलेलं होतं. तुटल्या दोराचं टोक बांधायची एवढी घाई कुणाला झाली होती? तिनं मामाला विचारलं. तो म्हणाला, उघडं टोक जहाजावर ठेवत नाहीत, एवढंही ठाऊक नाही का तुला. मग त्यानं पाणी मागितलं. मोठ्या माणसांना उत्तर द्यायचं नसलं की तहान लागते.

चरबीवर विणीचा ठसा आला त्या नवव्या दिवशी संध्याकाळी तिनं तो गुंडाळा नखांनी सोडवला. घासून तुटलेल्या दोराचे पीळ झाडूसारखे पिंजतात. हे टोक तिरकं होतं, गुळगुळीत. एका घावात सुरीनं कापलेलं.

होडीच्या दोरापाशी जायची मुभा दोघांनाच होती, त्या दोघांपैकी कुणी तरी तो कापला होता. आईनं, नाहीतर मामानं. हात कुणाचा हे कळेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही आणि कळल्यावर सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं. सात दिवसांवर बंदर होतं. तिथे तिला उतरवून मावशीकडे ठेवायचं, असं तिला न विचारताच ठरलं होतं. म्हणजे हातात सातच दिवस होते.

३

दहाव्या दिवशी दुपारी दोरी एकतीस वावांवर सैल पडली.

या वेळी ती ओरडली नाही. चरबीत सात तिरके टाके उमटले होते, आणि आठवा दुहेरी.

धाकटी काही खुळी नव्हती. तिनं सरळ विचार केला. शिड फाटून जहाजाच्या बुडाला अडकलं असेल, त्यावर वजन आपटत असेल. पण बूड पाण्याखाली दोन वावांवर होतं, एकतीसवर नव्हे. मग दोरी आखडली असेल. भिजून वाळून दोऱ्या आखडतात. जहाजाच्या वरच्या फळ्यांवर एक वाव अंतरानं दोन पितळी खिळे ठोकलेले असतात, त्यांच्यावर धरून तिनं सगळी दोरी मापली. केसाचाही फरक नव्हता. मग आपलंच डोकं फिरलं असेल. याला मात्र माप नव्हतं.

"ठाव?" सुकाणूवरून मामानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

ठाव घेणारीनं खोटं बोललेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. आपण कधी बोलू असंही वाटलं नव्हतं. पण तो शब्द जिभेवरून असा अलगद उतरला की तिला मनातून गुदगुल्या झाल्या. ज्यांनी आपल्याला आंधळं ठेवलं त्यांचे डोळे आता आपल्या ताब्यात होते.

बाराव्या दिवशी चोवीस वाव. तेराव्या दिवशी सकाळी एकोणीस, संध्याकाळी सतरा. वारा चांगला होता, जहाज पाणी कापत होतं, मागे फेसाचा पांढरा पट्टा पडत होता. आणि जे काही खाली होतं ते जहाजाच्या खालोखाल चालत होतं, आणि वर येत होतं.

तिला भीती वाटत होती का? वाटत होती. पण फळीवरून परत येताना ती स्वतःशी हसायची. येऊ दे, म्हणायची. ज्याचं त्याच्या पदरात पडू दे.

४

आवाज पहिल्यांदा आचाऱ्याला आला, हे एक बरं झालं. नाहीतर तिनं तो स्वतःच्या डोक्यातला समजून सोडून दिला असता.

आचारी म्हणजे जहाजावरचा सगळ्यात बडबड्या माणूस. त्याच्या मते त्याला सगळं माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं ते तो अधिक ठासून सांगायचा. तो कांदे आणायला खालच्या कोठारात गेला आणि रिकाम्या हातानं वर आला. उंदीर झालेत, म्हणाला. मोठे आहेत. फळ्या कुरतडतायत. त्यानंतर त्यानं कांद्याशिवाय स्वयंपाक केला, दुसऱ्या दिवशीही केला. मामानं विचारलं, काय रे, उंदरांनी तुला जेवायला बोलावलंय की काय, म्हणून घाबरतोस? आचारी ताटल्या पुसत राहिला.

धाकटी भर दुपारी खाली गेली. कोठारात झडपेतून उन्हाचा चौकोन पडला होता. दोरांची भेंडोळी, पाण्याची पिंपं, कांद्यांचं पोतं, सगळं जागच्या जागी. ती वाकली आणि जहाजाच्या बुडाच्या फळीला कान लावला. बाहेरून पाणी घासत जात होतं. आणि त्या पाण्यातून, अगदी सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं,

खुप्. सर्र.

ती किती वेळ तशीच बसली कोण जाणे. उठली तेव्हा गालावर फळीचा वळ होता. उंदीर एवढ्या नेमानं कुरतडत नाहीत, हे तिला कळत होतं. आणि आठव्यानंतर तो आवाज जरा थांबायचा, हेही.

५

चौदाव्या दिवशी तिनं प्रश्न पाठवला.

मामाच्या जुन्या कोटाचं पितळी बटण आणि थोरलीच्या हाडाच्या फणीचा एक दात. दोन्ही तिनं चरबीत शेजारी शेजारी रुतवले आणि वजन खाली सोडलं. तोंडानं बोलायचं काय होतं? विचारणारीही जाणत होती, उत्तर देणाराही.

वजन बारा वावांवर टेकलं. तिनं मनात शंभर मोजले. दोरी हातात हलकेच थरथरली, जसं कुणी आपला हात हातात घेऊन निरखून बघावं. तिनं वर ओढलं.

बटण होतं. नुसतं होतं असं नाही, कुणी तरी अंगठ्यानं अधिक घट्ट दाबून परत दिलं होतं. फणीचा दात नव्हता.

म्हणजे आई.

तिला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. उलट सगळं कसं थंड आणि स्वच्छ झालं. आईनं स्वतःच्या हातानं, सुरीनं, एका घावात. आणि त्यानंतर रोज समोर बसून जेवली. भात कमी का घेतलास, म्हणून विचारत राहिली.

एक गोष्ट मात्र तिला कळली नाही. दाताच्या रिकाम्या जागेशेजारी चरबीत आणखी एक खळगा होता. तिनं केलेला नव्हता. बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत, रिकामा. जणू अजून काहीतरी यायचं राहिलंय आणि त्यासाठी जागा करून ठेवलीय.

अजून कोण, असं तिनं स्वतःला विचारलं. मग घाईघाईनं चरबी बदलली.

६

सोळाव्या दिवशी बंदर दिसलं. सकाळ लख्ख होती, टेकडीवरची घरं मोजता येत होती. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता. डाव्या अंगाला दहा वावांची खोल वाट, उजव्या अंगाला वाळू, तिच्यावर जेमतेम दोन वाव पाणी. वाट रोज थोडी सरकायची, म्हणून जहाज ठावाच्या हाकेवर आत न्यायचं.

धाकटीचं गणित सोपं होतं. खोट्या हाका द्यायच्या. जहाज वाळूवर चढेल. उथळ पाणी आहे, कुणी मरणार नाही, पोहता सगळ्यांना येतं. पण सगळ्या बंदरासमोर, भर दिवसा, थोरलीचं जहाज मोडेल. त्यानंतर तिला कप्तान कोण म्हणेल? दोर कापणाऱ्या हातात पुन्हा कुणी जहाज देणार नाही. आणि ते जहाज बसलं की खाली जो वाट बघतोय तो आणि आई, दोघं काय ते बघून घेतील.

तिनं पट्टा चढवला आणि फळीवर उतरली.

"दहा वाव," तिनं हाक दिली. बोटांत सातची लोकरीची चिंधी होती.

मामानं सुकाणू तसंच धरलं. तिच्या शब्दावर त्याचा केवढा विश्वास होता, हे पाहून ती दोरी गोळा करताना क्षणभर थांबली. पुन्हा वजन फेकलं. पाच. "दहा वाव." पाण्याचा रंग निळ्यावरून हिरवट व्हायला लागला होता.

तेवढ्यात कठड्यावरून कुणी तरी उतरलं आणि फळी तिच्या पायांखाली लवली. थोरली होती. या वयात, साडीचा काचा मारून, एका हातानं कठडा धरून ती लेकीच्या शेजारी येऊन उभी राहिली. कमरेला तिची नेहमीची सुरी होती. तिनं पाण्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. ओरडून मामाला थांबायला सांगेल असं वाटलं. तिनं सांगितलं नाही.

"कोठारातल्या दोराचं टोक तू सोडवलंस," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

"तू कापलास."

"मीच कापला."

एवढ्या सहज. धाकटीनं सात रात्री या वाक्यासाठी काय काय योजून ठेवलं होतं, आणि ते असं चहात साखर किती विचारावी तसं आलं.

"धुक्यात होडी पुढे बांधून जहाज खडकात उभं राहिलं, तर होडीबरोबर जहाजही जातं," थोरली म्हणाली. "म्हणून तीनदा विचारायचं. तिसऱ्यांदाही नाही आलं, तर होडीत माणूस उरला नाही असं धरायचं आणि दोर तोडायचा. हा नियम आहे. माझ्या आईनं मला दिलेला."

"मला नव्हता दिलास."

"तीनदा विचारतील तेव्हा खरं सांगायचं, एवढं दिलं होतं."

वजन फळीखाली लोंबकळत होतं. धाकटीच्या कानात सकाळचा सगळा आवाज बंद झाला आणि ते धुकं परत आलं.

कारण हाका येत होत्या. तिन्ही वेळा येत होत्या. आठ वाव. सात वाव. आणि मध्ये तिचं नाव, जे फक्त तोच घ्यायचा. आदल्या संध्याकाळी त्यानं तिला सांगितलं होतं, पुढच्या बंदरात मी उतरतो, एकटाच. तुझ्या आईचं बरोबर आहे. तिनं त्याला भित्रा म्हटलं होतं. आणि धुक्यात मागून विचारलं गेलं, तेव्हा तिला वाटलं, बसू दे जरा ओरडत. कळू दे, आपली हाक कुणी ऐकली नाही की कसं वाटतं ते. तेवढंच. वल्ही मारून येईल दमून, मग बोलू. तिला एवढंच करायचं होतं.

"लपवलं कशाला मग?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "गुंडाळा कशाला केलास टोकाला?"

"तुला कळू नये म्हणून."

"तुला माहीत होतं. हाका येतायत ते."

थोरलीनं कठड्यावरची पकड बदलली. "मला ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली. "पण मी तुझ्याकडे बघत होते. तुझं डोकं एका बाजूला कललेलं होतं, तू ऐकत असतेस तेव्हा कलतं तसं. आणि तू म्हणालीस, नाही." तिनं पाण्याकडे पाहिलं. "जहाज चेहऱ्यावर चालत नाही. शब्दावर चालतं. मी शब्द घेतला. तो मला हवा होता तसाच होता."

७

धाकटीला तिथून निघायचं होतं. वर जायचं, पळायचं, कुठेही. तिनं मागे हात नेऊन पट्ट्याची टोकं चाचपली. सकाळी तिनं ती कठड्याच्या कड्यात अडकवली होती.

आता तिथे कडी हाताला लागत नव्हती. शिवण लागत होती.

बोटांनी ती पुढे पुढे गेली. पट्ट्याचं टोक पट्ट्याला शिवलेलं. पट्टा सदऱ्याला शिवलेला, कुशीवरून, पाठीवरून, काखेखालून. दोरा अजून ओला होता आणि मेणाचा वास येत होता. डोळ्यांनी पाहायची गरज नव्हती. खुणा बोटांनी वाचायची सवय होती. सात तिरके. आठवा दुहेरी. सात तिरके. आठवा दुहेरी.

मग हातातली दोरी ताठ झाली.

वजन टाकलं नव्हतं, तरी ते खाली निघालं. दोरी तिच्या मनगटाभोवती एक वेढा घेऊन सरसरत गेली, पाच, सात, दहा, आणि थांबली. वाळूच्या बांधावर दहा वाव पाणी नसतं. वर मामा ओरडला की सुकाणू फिरत नाहीये, खाली कशात तरी अडकलंय. जहाज जागच्या जागी उभं राहिलं. शिडं वाऱ्यानं भरलेली, आणि जहाज उभं.

थोरलीनं सुरी काढली आणि पातं दोरीवर ठेवलं. दोरी कापली असती तर एका घावात कापली गेली असती. हात सरावाचा होता.

पण तिनं लेकीकडे पाहिलं आणि थांबली. धाकटीचं डोकं एका बाजूला कललं होतं.

"हाक येतेय का?" थोरलीनं विचारलं.

खालून, हिरव्या पाण्यातून, अगदी स्पष्ट येत होतं. आधी आकडा. मग तिचं नाव. आवाजात राग नव्हता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. तो नुसता आपलं काम करत होता, जसा त्या दिवशी करत होता, जसा तेव्हापासून, न थांबता, उत्तराची वाट बघत, करतच होता.

"हाक येतेय का?"

एक शब्द पुरला असता. तोच, मागच्या वेळचा. आईच्या हातात सुरी होती, नियम तिच्या बाजूचा होता, आणि घरांच्या खिडक्या मोजता येतील इतकं बंदर जवळ होतं. थोरलीच्या डोळ्यांत ते लिहिलेलं होतं. म्हण, ती बघत होती, म्हण नाही. मी आताही शब्दच घेईन.

धाकटीला चरबीतले ते दोन रिकामे खळगे आठवले, शेजारी शेजारी. एक आईचा. दुसऱ्यात, मनातल्या मनात, तिनं आपल्या बोटाचं पेर ठेवून पाहिलं. नेमकं बसत होतं.

"हाक येतेय का?" थोरलीनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज कप्तानाचा नव्हता.

"येतेय, आई," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात थांबला. हाक येत असली तर दोर तोडायचा नाही. हा नियम तिनं कधीच मोडला नव्हता. सुरी तिच्या बोटांतून सुटली, फळीवर एकदा वाजली आणि पाण्यात गेली. ती वळून कठडा धरायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तिच्या साडीचा काठ लेकीच्या पट्ट्यापासून सुटत नाहीये. तिनं एकदा ओढून पाहिलं. दुसऱ्यांदा ओढलं नाही.

दोरी सैल पडायला लागली.

कुणी ओढत नव्हतं. खालून जे येत होतं त्याच्याबरोबर ती आपोआप वर येत होती, वेटोळं वेटोळं पाण्यावर तरंगत. धाकटीनं ती सवयीनं गोळा करायला घेतली. वर खलाशी धावपळ करत होते, आचारी कठड्यावरून वाकला आणि मागे सरला, मामा बहिणीला नावानं हाका मारत होता. तिला सगळं ऐकू येत होतं आणि त्यातल्या कशालाही उत्तर द्यायचं तिचं काम नव्हतं. तिचं काम वेगळं होतं. भोकाचं चामडं बोटांत आलं.

"दहा वाव," तिनं मोठ्यानं, स्वच्छ हाक दिली.

लोकरीची चिंधी आली. "सात वाव."

सुती चिंधी. "पाच."

हिरव्या पाण्यात काहीतरी फिकट पसरत होतं, शिडासारखं रुंद, घड्या पडलेलं, आणि त्याच्या मधोमध एक हात होता, तळव्यावर चामड्याची पट्टी असलेला. बाकीचं तिनं पाहिलं नाही. ती बोटांकडे बघत राहिली. तिहेरी शेपटी आली. "तीन वाव," ती म्हणाली. शेजारी आईनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

मग दुहेरी शेपटी आली, ओली आणि गार.

"दोन वाव," धाकटी म्हणाली.

दोन वावांच्या खाली दोरीवर खूण नसते.